मास्तरांच्या गाडीला अक्रोड

गॅरेजात किस्से कुणी साठवत नाही. इंजिनात कार्बन साठतो तसे ते आपोआप साठतात. रोज थोडे थोडे, कुणाच्या लक्षात न येता. मग एक दिवस कुणीतरी चहाला येतं, "काय गं, त्या मास्तरांच्या गाडीचं काय झालं शेवटी?" एवढंच विचारतं आणि सगळं भडाभडा बाहेर पडतं. परवा माझ्या कॉलेजच्या मैत्रिणींनी तेच केलं. त्यांना हसत, अडखळत, मधलं आधी आणि आधीचं मधे असं सांगितलं. इथं ओळीनं सांगते.

आमचं गॅरेज कोल्हापूरजवळ उचगावात, हायवे सोडून जरा आत. बाबांचं आणि थोरल्या काकांचं, म्हणजे तात्यांचं. पाटीवर नावं दोघांची आहेत, पण मत एकाचंच चालतं. आणि ते बाबांचं नव्हे!

तात्यांनी एक पद्धत घालून दिलेली आहे. प्रत्येकाची पान्यांची पेटी वेगळी आणि प्रत्येक पान्याच्या दांड्यावर मालकाच्या रंगाचा पट्टा. तात्यांचा तांबडा, बाबांचा हिरवा. दुसऱ्याच्या रंगाला हात लावायचा नाही. लावलाच तर विचारून, आणि काम झालं की पुसून जागेवर. खंडेनवमीला पेट्या ओळीनं मांडतात आणि ज्याची त्यानं पुजायची. ज्याला पेटी नाही त्यानं आरतीला टाळ्या वाजवायच्या.

मेकॅनिकलची डिग्री घेऊन मी गॅरेजात आले त्यानंतर दोन खंडेनवम्या झाल्या. दोन्ही वेळा मी टाळ्या वाजवल्या.

"तात्या, मला पेटी कधी?"

"हाय की तुला. ती न्हाय का वायरवाली!"

वायरवाली म्हणजे स्कॅनर. गाडीला जोडला की इंजिनात काय चाललंय ते स्क्रीनवर दिसतं. तात्या त्याला टीव्ही म्हणतात. मी स्कॅनर लावला की लांबून ओरडतात, "काय लागलंय गं टीव्हीवर?"

"तसली नव्हे. पान्यांची पेटी."

"एक इंजिन एकटीनं बरं करून दाव. मग पेटी."

"ठरलं! माझा रंग पिवळा."

तात्यांनी डोळे बारीक करून माझ्याकडं बघितलं. "पिवळा? पेटी हाय का हळदीकुंकवाचं ताट?"

*

आता मास्तर. मास्तर म्हणजे गावातल्या शाळेचे जुने हेडमास्तर. रिटायर झाल्यावर शहरात मंगळवार पेठेत राहायला गेले. तात्या आणि बाबा दोघांनीही त्यांच्या हातचा मार खाल्लाय. बाबांचे गुन्हे निरनिराळे होते. तात्यांचा एकच, वर्गात झोप. पहाटे उठून म्हशींच्या धारा काढायच्या, मग शाळेत यायचं. दुसऱ्या तासाला मान पडायचीच. पडली की मास्तरांचा हुकूम यायचा, "बाकावर उभा राहा!"

"सगळी सातवी मी उंचावरनं बघितली," तात्या सांगतात. "भूगोल आला न्हाय, पर छपराचे वासे पाठ झालते."

एवढं असून आजही मास्तर दारात आले की तात्या हातातला तंबाखू मुठीत लपवतात. साठी उलटलेला माणूस! मी विचारलं तर म्हणतात, "तुला न्हाय कळायचं. तुमास्नी शिक्षकच भेटलं न्हाईत." मला शिक्षक भेटले, तात्या. फक्त त्यांनी मला बसू दिलं!

*

आमच्याकडं लोक गाडीचा आजार फोनवरून तोंडानं वाजवून दाखवतात. नेसरीचा एक ट्रॅक्टरवाला आहे, तो "घर्रर्र-खाड्-घुम्" इतक्या जीव ओतून करतो की बाबा फोन हातभर लांब धरतात. आणि निदान बरोबर निघतं!

मास्तरांचा फोन आला तो मी उचलला.

"बाळ, सकाळी चालू केल्यावर ती फट् म्हणते. मग स्वल्पविराम. मग पुन्हा फट्. आणि मग पूर्णविराम."

"म्हणजे बंद पडते?"

"मी मराठीतच बोललो ना?"

*

गाडी आली. पांढरी डिझेल गाडी, लख्ख, सीटवरची प्लॅस्टिकं अजून तशीच. मास्तर बाजूला उभे राहून प्रत्येकाला एकच वाक्य ऐकवत होते, "अहो, ही फारशी चाललेलीच नाही. जी चालली नाही ती बिघडेल कशी?" हे वाक्य लक्षात ठेवा.

कोल्हापुरात बॉनेट उघडलं की माणसं जमतात. हाक मारावी लागत नाही. बघता बघता पाचसहा जण वाकून आत बघायला लागले. त्यात एक टोपीवाले पाव्हणं होते. त्यांनी हात मागं बांधून इंजिनाभोवती एक प्रदक्षिणा घातली आणि सुरू झाले.

"पंप हाय बघा. डिझेलचा पंप. आवाजच सांगतोय. तो खोला आदी. मग टर्बो बघा. आन् पोरी, तू ते वायर काढ, वायरनं कायबी कळत न्हाय."

तात्यासुद्धा मान डोलवायला लागले! माझं डोकं फिरलं.

"पाव्हणं, तुमची गाडी कुठली?"

"माझी? मला सायकल बी येत न्हाय."

*

तात्यांचं निदानाचं हत्यार म्हणजे एक हातभर लांब स्क्रूड्रायव्हर. त्याचं टोक चालू इंजिनावर टेकवायचं, मूठ कानाला लावायची, डोळे मिटायचे. मुठीवरचा तांबडा रंग कानाला घासून घासून उडालाय. त्या स्क्रूड्रायव्हरला बाबांनीसुद्धा हात लावलेला मी बघितला नाही. आमची काकू म्हणते, "मला एवढं जपलं असतं तर मी अजून काळ्या केसांची असते."

तर तात्यांनी ऐकलं. बराच वेळ ऐकलं. मग डोळे उघडून म्हणाले, "दोन नंबर."

मी स्कॅनर बघितला. चार सिलिंडरांपैकी दोन नंबरच अशक्त दाखवत होता. गॅरेजच्या इतिहासात आमचं पहिल्यांदा एकमत झालं! ते साधारण तेवढं वाक्य संपेपर्यंत टिकलं, कारण पुढं तात्या म्हणाले, "इंजेक्टर गेलाय."

"कशावरून?"

"दोन नंबरचं मिसिंग म्हंजे इंजेक्टरच."

मग मी सोपं काम केलं. दोन नंबरचा इंजेक्टर, म्हणजे आत डिझेल फवारणारा नळ, तीनला लावला, तीनचा दोनला. इंजेक्टर खराब असेल तर मिसिंग, म्हणजे ते ठेका चुकणं, त्याच्या मागं मागं तीन नंबरला जायला पाहिजे. गेलं नाही. दोनलाच ठाण मांडून बसलं.

"बघा तात्या. इंजेक्टर चांगला आहे."

"मग तीनचा बी खराब हाय."

"अहो, मग तीन नंबर इतके दिवस बिनतक्रार कसा चालला?"

तात्यांनी जरासुद्धा विचार केला नाही. "लाजत असंल."

*

मला संशय आला होता तो वेगळाच. इंजिनात हवा आत यायला एक दार असतं, इनटेक व्हॉल्व्ह. हवा आत आली की त्यानं खटकन मिटायला पाहिजे. त्याच्या दांड्यावर कार्बन चढला की तो अडकतो, पावसाळ्यात फुगलेल्या दारासारखा. दार उघडं राहिलं की आतला दाब हवेच्या वाटेनं उलटा निसटतो. फट्! मग स्वल्पविराम.

आता हे तात्यांना पटवायचं कसं? दोन नंबरची दारं मिटलेली असायला हवीत अशा जागी मी इंजिन फिरवून ठेवलं आणि इंजेक्टरच्या भोकातून कॉम्प्रेसरची हवा आत सोडली. दार नीट मिटत असेल तर तिकडं चिडीचूप असायला हवं. पण हवा घेणाऱ्या पाइपातून फुसफुस यायला लागली.

"तात्या, ऐका!"

तात्या स्क्रूड्रायव्हर घेऊन आले.

"तो नको. नुसता कान लावा."

त्यांनी पाइपाच्या तोंडाला कान लावला. माझ्याकडून कॉम्प्रेसरचा कॉक जरा जास्त फिरला. आतली काजळी फस्सकन बाहेर आली आणि तात्यांचा उजवा कान, गाल आणि अर्धी मिशी काळी झाली.

दिवसभर त्यांना कुणी सांगितलं नाही. बाबांनीही नाही! संध्याकाळी काकूनं दारातच विचारलं, "हे काय झालं?"

"पोरीनं कान फुंकलं," तात्या म्हणाले. "आन् खरं सांगू का, फुसफुस येती व्हती."

*

फुसफुस मान्य झाली, उपाय नाही. तात्यांचं म्हणणं, व्हॉल्व्ह अडकलाय तर इंजिनाचं हेडच उघडायचं. 'उघडायचं' हा शब्द ऐकून मास्तर खुर्चीत बसले. डॉक्टरनं त्यांचंच ऑपरेशन सांगितल्यासारखा चेहरा झाला.

"हेड न उघडता होतं," मी म्हणाले. "हवेच्या वाटेनं साफ करते."

"आन् झालं न्हाय म्हंजे?"

"होईल."

तात्यांनी सगळ्यांसमोर ठरवून टाकलं. "कर. म्हैनाभर गाडी माघारी आली न्हाय तर पेटी तुझी, पिवळी का हुईना. आली तर हेड मी उघडणार आन् तू जन्मभर टीव्ही बघायचा."

मला वाटलं बाबा माझ्या बाजूनं काहीतरी बोलतील. बाबा म्हणाले, "चहा सांगू का?"

*

इनटेकच्या वाटेतला कार्बन काढायची चांगली पद्धत म्हणजे अक्रोडाच्या टरफलांचा भरडा हवेच्या जोरानं मारायचा. टरफल कार्बन खरवडतं, पण धातूला ओरखडा पाडत नाही. तयार भरडा मिळतो, मी मागवला. यायला आठवडा लागणार होता.

"अक्रोडासाठी आठवडा?" तात्या उठले, मोटरसायकलला किक मारली आणि शहरातून पोतंभर अक्रोड घेऊन आले. खायचे. अख्खे!

मग काय, गॅरेज बंद. तात्या हातोडीनं फोडतायत, बाबा गर निवडतायत, ते टोपीवाले पाव्हणं कुठूनसे उगवून खातायत. दुपारी टरफलं भरडायला मी आमचा घरचा मिक्सर आणला. आई माहेरी गेली होती, तिला विचारायचा प्रश्न नव्हता. मिक्सरचा आवाज असा आला की तात्या म्हणाले, "ह्याचा बी इंजेक्टर गेला."

संध्याकाळी मास्तर आणि त्यांची बायको चौकशीला आले. मास्तरांच्या बायकोलाही मी काकूच म्हणते. बुटक्या, खणखणीत आवाजाच्या. मास्तरांना शुगर आहे, वजन आहे, त्यामुळं त्यांच्या तोंडात काय जातं आणि पायांनी ते किती चालतात यावर काकूंची कडक नजर असते. समोर टरफलांचा ढीग बघून त्यांनी विचारलं, "हे कशाला?"

"काकू, गाडीला घालणार आहे."

काकूंनी एकदा ढिगाकडं बघितलं, एकदा नवऱ्याकडं.

"घाला. दोघांतलं एक तरी ऐकंल."

*

काम मात्र मी एकटीनं केलं. हवेचं मॅनिफोल्ड, म्हणजे चारही सिलिंडरांना हवा वाटणारी नळी, काढलं तर आत हवेला जागाच नव्हती. बोटभर जाड काळा थर, ओलसर, चुलीच्या धुराड्यासारखा. तात्या वाकून बघून गेले.

दार उघडं असताना टरफल मारलं तर भरडा इंजिनात जाणार. म्हणून आधी अडकलेला व्हॉल्व्ह सोडवायचा. वरचं झाकण काढलं, पिस्टन खाली नेला, दांड्याशी कार्बन भिजवायचं औषध सोडलं आणि वरून व्हॉल्व्ह दाबायचा, सोडायचा. पुन्हा औषध, पुन्हा दाबायचा. दाबला की जात होता, वर यायला मात्र घरी परतणाऱ्या नवऱ्यासारखा वेळ लावत होता. माझे अंगठे सुजले. पाना बाबांचा हिरवा, विचारून घेतलेला.

दुपारनंतर कधीतरी आवाज आला. टक! स्वच्छ, कोरडा. व्हॉल्व्ह आपल्या जागेवर जाऊन बसला. तिकडं दुसऱ्या गाडीखालून तात्यांचा आवाज आला, "मिटला." त्यांनी बघितलंसुद्धा नव्हतं!

मग टरफलं मारली, व्हॅक्यूमनं सगळं ओढून घेतलं, चारही वाटा चकचकीत केल्या. उकाड्यानं आम्ही घामाघूम झालो होतो. मास्तरांच्या गाडीच्या दारात पाण्याचा एक फवारा सापडला, शेजारी घडी घातलेला नॅपकिन. काचा पुसायला असेल म्हणून तात्यांनी तो तोंडावर मारून घेतला. "मास्तरांची शिस्त बघ," मला म्हणाले. "गाडीत पाणी, फडकं, सगळं जाग्यावर."

गाडी चालू केली. शिवणयंत्रासारखी चालली! फट् नाही, स्वल्पविराम नाही.

मी पिवळ्या रंगाचा डबा आणून ठेवला.

*

महिना भरायच्या आत गाडी माघारी आली, मास्तर आणि त्यांच्या काकूंसकट.

तेच फट्. तोच दोन नंबर. तात्यांनी आपली तांबडी पेटी उचलून मास्तरांच्या गाडीशेजारी नेऊन ठेवली.

मी मॅनिफोल्ड काढून आत टॉर्च मारला. इतक्या थोड्या दिवसांत पुन्हा काळा थर! कुठलीही गाडी चालवून एवढ्यात एवढा कार्बन होत नाही. चालवून होत नाही. मग माझ्या डोक्यात काहीतरी चमकलं आणि मी स्कॅनर लावला.

"लागला टीव्ही," बाबा म्हणाले.

गाडीच्या कॉम्प्युटरमध्ये इंजिन एकूण किती तास चाललं ते राहतं. किलोमीटर समोर काट्याशेजारी दिसतातच. मी भागाकार केला. चुकला असेल म्हणून पुन्हा केला.

"बाबा, या गाडीच्या सरासरी वेगानं गेलात तर वाटेतली म्हैस ओव्हरटेक करेल!"

"म्हंजे?"

"म्हणजे ही गाडी रोज चालू असते आणि जागेवर उभी असते. तासन्‌तास. डिझेल इंजिन नुसतं उभं फिरवलं की आत नीट तापत नाही, सगळी काजळी हवेच्या वाटेत बसते. मास्तर, गाडी रोज कुठं जाते?"

मास्तर भिंतीवरच्या कॅलेंडरमधले सण वाचत होते. उत्तर काकूंनी दिलं.

"रंकाळ्याला की! रोज पहाटे. फिरायला."

मंगळवार पेठेतून रंकाळ्याला चालायला जायचं, तेही गाडीनं! पण ते मी गिळलं.

"आणि गाडी तिथं बंद करून चालतात ना?"

"तर! तास-तासभर चालतात. घामानं निथळत घरी येतात, शर्ट पिळून काढावा एवढा घाम. तरी डॉक्टर म्हणतोय वजन वाढलंय. मी म्हटलं तुमचा काटाच बिघडलाय."

"बघ," तात्या म्हणाले. "डॉक्टरचा काटा बिघडलाय, तुझा टीव्ही बिघडलाय. पेटी उघडतो मी."

"मशीन खोटं बोलत नाही. बोलतात ती माणसं!"

बाबा म्हणाले, "ऋतुजा, मोठ्यांसमोर!" मास्तर अजून कॅलेंडरमध्येच होते. नागपंचमीपर्यंत पोचले असतील.

तात्यांनी पेटीवरचा हात काढला. मग मास्तरांना म्हणाले, "मास्तर, आज गाडी घिऊन जावा. पोरी, मॅनिफोल्ड बसव." आणि ते दोघं गेल्यावर मला, "उद्या पहाटं रंकाळ्यावर जाऊ. थंड इंजिन कसं वाजतंय ते मी माझ्या कानानं ऐकतो. काय निघालं न्हाय तर दुपारी हेड उघडणार. मग तोंड उघडायचं न्हाय."

*

पहाटे आम्ही रंकाळ्यावर पोचलो. पाण्यावर धुकं, काठानं चालणारी माणसं, कुणी हात फिरवतंय, कुणी उगाच टाळ्या वाजवतंय. मास्तरांची पांढरी गाडी माणसांपासून लांब, एका झाडाखाली उभी होती. काचा बंद, त्यावर दव. आणि इंजिन चालू! फट्. स्वल्पविराम. फट्.

"चालूच ठिवून गेल्यात," तात्या हळहळले. "वय झालं मास्तरांचं. इसारलं."

"तात्या, रोज विसरतात?"

त्यांनी पिशवीतून स्क्रूड्रायव्हर काढला, टोक बॉनेटवर टेकवलं, मूठ कानाला लावली, डोळे मिटले.

"दोन नंबर अडाकतोय," ते म्हणाले. मग कपाळाला आठी पडली. "आनिक एक आवाज हाय."

"कसला?"

"इंजिनाचा न्हाय."

टोक मडगार्डवर गेलं. तिथून पुढच्या दारावर. दारावर आल्यावर तात्या बराच वेळ थांबले. मी त्यांना इतकं गोंधळलेलं कधी बघितलं नव्हतं.

"चढतोय. मग थांबतोय. मग शिट्टी मारतोय. जल्मात ऐकला न्हाय असला." आणि त्यांनी तो स्क्रूड्रायव्हर माझ्यापुढं धरला. "तू ऐक."

मी घेतला. मूठ कोमट होती. कानाला लावली. ऐकलं.

"तात्या," मी म्हणाले, "हे घोरणं आहे."

तात्यांनी बाहीनं काचेवरचं दव पुसलं. आत सीट मागं पाडून, माकडटोपी घालून, पोटावर हात बांधून मास्तर झोपले होते. एसी चालू. पायात चालायचे बूट, त्यांचे तळवे दुकानातून आणल्यासारखे पांढरेशुभ्र.

तात्यांनी बोटाच्या पेरानं काच वाजवली.

मास्तरांनी डोळे उघडले नाहीत. हात सवयीनं दाराकडं गेला. फवारा उचलला. कपाळावर दोन फवारे, मानेवर दोन, काखेत एकेक. नॅपकिन खांद्यावर. मग दार उघडून धापा टाकत बाहेर आले, "काय सांगू, आज पाच फेऱ्या..." आणि मग त्यांना आम्ही दिसलो.

मास्तरांच्या नाकावरून पाण्याचा थेंब खाली पडला.

तिथंच झाडाखाली सिमेंटचं बाक होतं. तात्यांनी शांतपणे त्याच्याकडं बोट केलं.

"मास्तर. बाकावर."

आणि मास्तर चढले! माकडटोपीसकट. वर गेल्यावर त्यांनी हात सरळ खाली सोडले आणि समोर रंकाळ्याकडं बघत उभे राहिले. शेजारून चालत जाणाऱ्या एका गृहस्थांनी हात जोडले, "नमस्कार मास्तर! नवीन व्यायाम काय?"

"हो," मास्तर म्हणाले.

तात्यांनी बाकासमोर मांडी घातली, खिशातून तंबाखू काढला आणि मास्तरांच्या देखत सावकाश मळायला घेतला. मी ओढणीला स्क्रूड्रायव्हर पुसला आणि पद्धतीप्रमाणं परत द्यायला पुढं धरला.

तात्यांनी माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही. नजर बाकावर.

"ऱ्हाऊ दे तुझ्यापाशी," ते म्हणाले. "आन् पिवळा लाव त्येला. लांबनं दिसतोय."